पांढरीचे वीस धागे

हां, तर कुठवर आले व्हते मी? वीस धाग्यापाशी. पण थांब वर्षे, तिथून लिहिलंस तर वाचणाराला काय कळायचं? जरा मागून घे. वही सरळ धर, आन मी बोलते तसंच लिही, शाळंतल्यावानी करू नको.

सिंधू म्हंजी आपल्या वाडीतल्या भुजंगची बायको. किनवटच्या डोंगराच्या पोटाला ही वाडी, साठ-सत्तर घरं, तमाम आंध आदिवाशांची. दसरा झाला की निम्मी वाडी खाली व्हती. मुकादमाचा ट्रक येतो, भांडी, कोंबड्या, अंथरुणं सगळं वर चढतं आन माणसं ऊस तोडायला निघून जातात. सिंधू आन भुजंग बी जायचे. लगीन झाल्यापासून नऊ वर्सं, एक साल चुकलं न्हाई. लेक सुकन्या, दुसरीत हाय, तिला आजीपाशी ठिवायचे. आजी म्हंजी गुणाबाई, सिंधूची सासू.

गेल्या साली ऊस संपवून सिंधू घरी आली तर पोरगी तिच्याजवळ येईना. गुणाबाईच्या लुगड्याआड जाऊन उभी राहिली आन तिथून बघाय लागली, गावात नवी बाई आल्यावानी. सिंधू हसली त्या वक्ती. "बरी हुशार झालीस गं," म्हणली. पण पाणी आणायच्या निमित्तानं हापशावर गेली ती तासभर परत आली न्हाई. तवापासून तिच्या डोक्यात एकच, औंदा कोयता धरायचा न्हाई. पण न धरायला काय तरी हातात पाहिजे का न्हाई?

तर ते हातात आलं पावसाळ्याच्या सुरवातीला. मुरुडच्या शिवगंगाताई, लातुरात त्यांची संस्था हाय बायकांची, त्यांनी आपल्या समाजमंदिरात एक हातमाग आणून बसवला. डोंगराकडल्या आंध बायकांनी विणकाम शिकावं, असं. चौदा बायका जमल्या. शिकवायला नायगावचे ग्यानोबा मास्तर आले, कोष्टी, सत्तरीचे, कानानं कमी. दोन महिने राहिले. "बाई, तो धागा हाय, बैलाचं दावं न्हाई," हे त्यांचं रोजचं बोलणं. धागा तुटला की बायका जीभ चावायच्या आन मास्तर कपाळाला हात लावायचे. पण सिंधूचा धागा तुटायचा न्हाई. मास्तर जाताना ताईला म्हणले, "हिला ताणा काढता येतोय. ताणा आला त्याला माग आला."

ताणा म्हंजी, वाचणारानं समजून घ्यावं, कापडाचे उभे धागे. आधी अंगणात दोन टोकाला खुंट्या ठोकायच्या आन एक एक धागा घेऊन हिकडून तिकडं चालत जायाचं. पंचा विणायचा तर आठशे धागे. आपल्या बायकांना शेकडा कुठला कळतोय, आपण विसानं मोजतो. चाळीस विसा. दर विसाला एक लाल चिंधी बांधायची, चाळीस चिंध्या झाल्या की ताणा झाला.

ताईनं मात्र सरळ सांगितलं व्हतं. "हे बघा बायांनो, माग एकच हाय आन रांगेत अजून दोन गावं हायत. तुमचा पहिला पंचा मी संस्थेच्या लातूरच्या बैठकीत न्हेणार. मधोमध लाल रेघ हाय ना, तिच्यावर घडी घालीन. काठाला काठ लागला तर माग तुमच्या वाडीत राहील आन सिंधूला मागावर कायम धरू. न्हाई लागला तर माझ्या हातात काय न्हाई."

भुजंग घरी म्हणला, "माग राहिला तर तू ऱ्हा. मी भावासंगं जाईन. आन न्हाई राहिला तर गुमान ट्रकात बसायचं, रडगाणं न्हाई."

"हाव," सिंधू म्हणली. दुसरं काय म्हणणार?

ताई येणार बेस्तरवारी. सोमवारी सिंधूनं ताणा काढायला घेतला. सकाळपासून चालून चालून तिच्या पोटऱ्या भरून आल्या. वीस विसा झाल्या, बरोब्बर निम्मा ताणा, मधली लाल रेघ बी झाली, आन तितक्यात शाळंतून सांगावा आला, सुकन्याला ताप भरलाय, येऊन घेऊन जा.

सिंधूचा एक पाय अंगणात, एक पाय शाळंकडं. ताणा मधीच सोडावा तर धागे सैल पडतात. गुणाबाई समाजमंदिराच्या पायरीवर बसली व्हती. पहिल्यांदी ती ह्या मागावर लई खवळायची, "लाकडाची खटखट, घरचं काम कोणी करावं?" म्हणायची. पण पंधरा दिवसापासून रोज येऊन बसायची, कोणी बोलावलं न्हाई तरी.

"जा तू लेकराकडं," गुणाबाई उठली. "चालायचं आन मोजायचं, हेच ना?"

"आत्याबाई, मोजायला चुकलं की…"

"मोजायला? मला?" गुणाबाईनं कमरेवर हात ठिवला. "वाडीतल्या राशी कोण मोजतंय गं, तुझा बाप? कोणाच्या बी खळ्यावर माप माझ्याच हातात देतात. एका मापाची तक्रार आणून दाखीव."

बायका हसल्या. सिंधू पळाली. पोरीला घरी निजवून, कपाळावर ओली पट्टी ठिवून ती परत आली तवा ताणा पुरा झाला व्हता. तिनं चिंध्या मोजल्या. चाळीस. पुन्हा मोजल्या. चाळीसच. तिच्या जीवात जीव आला.

मंगळवारी फणी भरायला बसली. फणी म्हंजी मोठ्या कंगव्यावानी असती, आठशे धाग्यांची तिच्यात जागा. एक एक धागा आधी वर-खाली व्हणाऱ्या दोऱ्याच्या डोळ्यातून, मंग फणीच्या घरातून ओढायचा. डावीकडून भरत निघाली. दुपार टळली. उजवीकडला लाल काठ भरला, शेवटचा धागा ओढला, आन बघते तर फणीची घरं उरलेली. धागा संपला, घरं उरली.

तिला वाटलं डोळं थकलं. बोटानं चाचपलं. वीस धाग्यांची जागा मोकळी. एक आख्खा वीस.

वर्षे, मी बाजूलाच धाग्याच्या कांड्या भरत व्हते, मला दिसलं.  सिंधू चिंध्या काढून एक एक वीस सोडवून मोजाय लागली. तिच्या हातचे वीस, वीसच. मंग पलीकडला निम्मा घेतला. एकोणीस. दुसरा घेतला. एकोणीस. तिसरा, चवथा, सगळे एकोणीस. एखांद-दुसरा चुकला असता तर चुकला म्हणावं. पण हरेक विसात बरोब्बर एकच कमी? ही कसली चूक?

कोणाला सांगावं? बायकांना सांगितलं तर घंटाभरात वाडीभर, आन गुणाबाईची आजवरची मापाची इज्जत जाती. मंग ती घरात मागाचं नाव तरी ऐकून घेईल का? न सांगावं तर बेस्तरवारी ताई घडी घालणार, आन एक काठ दुसऱ्याच्या अलीकडं बोटभर थांबणार. दोन्हीकडून ट्रकच दिसाय लागला तिला. ती मागावरून उठून बाहीर जाऊन बसली.

घरी आली. पोरीचा ताप उतरला व्हता, ती आजीच्या मांडीवर शेंगा खात व्हती. सिंधूनं चूल पेटवली, पण ध्यान सगळं सासूकडं. शेवटी धीर करून म्हणली, "आत्याबाई, तुमी मोजता कशा ते मला एकदा दाखवा ना. मला बी शिकायचंय."

गुणाबाई खूश. "आता आली का ताळ्यावर!" तुरीची पाटी पुढं ओढली, मापटं घेतलं. पहिलं मापटं भरलं, कपाळाला लावलं, बाजूच्या टोपल्यात येगळं वतलं. "लाभ," म्हणली. मंग दुसरं भरून पोत्यात टाकलं. "दोन." तिसरं पोत्यात. "तीन."

सिंधूच्या हातातली काटकी तशीच राहिली. "एक कुठं गेलं, आत्याबाई?"

"एक म्हणू न्हाई. लाभ म्हणायचं. पहिलं माप पांढरीचं. गाव ज्या भुईवर बसलंय तिचं, दगडात पुजतो ना आपण तिला. ते मोजायचं, पण घ्यायचं न्हाई."

"आन धाग्यात? लाभाचा धागा कुठं ठिवला?"

"ठिवायचा कुठं? तूर असती तर टोपल्यात वतली असती. दर विसाच्या सुरवातीला धाग्याला हात लावला, कपाळाला लावला, लाभ म्हणलं, मंग चालाय लागले, दोन."

झालं. वीस विसा, वीस लाभ. सिंधूला हसू बी येईना, रडू बी येईना. तिनं हळूच सांगितलं, फणीत वीस धागे कमी पडलेत म्हणून. गुणाबाईनं मापटं खाली ठिवलं.  मंग म्हणली, "म्हंजी म्या चुकले."

"चूक न्हाई हो. पण त्या फणीला काय मालूम पांढरी?"

"मंग आता काय करून राहिलीस?"

"तेवढे वीस धागे घालावं लागतील."

गुणाबाई ताठ झाली. "दिल्यालं परत घ्यायचं? पांढरीच्या हातातून? पोरीला आताच ताप येऊन गेलाय, सिंधे. मी वाकडं बोलत न्हाई, पण माझ्या हातानं दिलंय मी ते. घालायचं असंल तर घाल. मी त्या समाजमंदिराच्या पायरीवर पुन्हा येणार न्हाई, आन तुझ्या पोरीला बी त्या कापडाला हात लावू देणार न्हाई."

आता बघा. सासू रुसली तर सिंधू मागावर जाऊन बसणार आन पोरगी कोणापाशी राहणार? सिंधूच्या तोंडातून एकदम निघून गेलं, "आत्याबाई, आपण पांढरीला वीस धागे कामून द्यायचे? पहिला पंचाच देऊ. आख्खा. तिच्या दगडावर घालू. मंग तर चालंल?"

गुणाबाईनं तिच्याकडं निरखून बघितलं. "शब्द?"

"शब्द."

"मंग घाल धागे."

बुधवारी उजाडताच सिंधूनं ग्यानोबा मास्तरांना फोन लावला. मास्तरांना ऐकू येईना. "कोण मेलं?" म्हणले. मंग त्यांच्या नातीनं फोन घेतला आन वरडून वरडून त्यांच्या कानात घातलं. मास्तर हसले. "ताणा उकलू नको गं बाई. उजवा लाल काठ तेवढा फणीतून काढ, कडंला सरकव. मधी जागा व्हईल. वीस धागे येगळे काढून त्या जागंत भर, आन त्यांची टोकं मागाच्या मागून लोंबकळू दे. टोकाला वजन बांध, म्हंजी ताठ राहतील. अठरा पांढरे घे, दोन लाल. काठाचे बी दोन गेले असतील तुझे."

खरंच काठाचे दोन गेले व्हते. म्हाताऱ्यानं नायगावात बसून मोजलं.

मंग काय, सगळ्या बायका लागल्या. लपवून काय उपेग? सिंधूनं सांगितलं, "लाभाचे धागे राहिले," एवढंच. आन बायका, ज्यांनी हसायला पाहिजे व्हतं, त्यांच्यातली एक बी हसली न्हाई. म्हणल्या, हाव की, आपण बी असंच मोजलं असतं. वजनाला कोणी बत्ता आणला, कोणी कुलूप, कोणी शेराचं माप. मागाच्या मागं हे सगळं लटकलेलं, भांड्याचं दुकान मांडल्यावानी. गुणाबाई आली, पायरीवर बसली. तिनं कमरंची पानाची पितळी डबी सोडली आन पुढं केली. "हिला बी टांगा. जड हाय."

सिंधू आडव्या धाग्याचा धोटा फेकाय लागली. एक फेक, एक ठोका. वीतभर कापड झालं, हातभर झालं. आन तिथं तिच्या ध्यानात आलं. धोटा हातातच राहिला. पहिला पंचा पांढरीला कबूल केलाय. आन ताई लातूरला न्हेणार तो कोणता? पहिलाच. दुसरा बेस्तरवारच्या आत व्हयाचा न्हाई, तिचे हात काय लोखंडाचे हायत?

बायकांना कळलं तसा कल्ला झाला. एक म्हणली, "अगं ताईला दे, पांढरीला पुढला दे. ती काय पावती मागती?" दुसरी म्हणली, "शब्द दिलाय बाई, असं कसं?" गुणाबाई पायरीवर पान चघळत बसलेली, हिकडं बघितलं सुदीक न्हाई. सिंधूला वाटलं, हिनं एकदा म्हणावं, न्हेऊ दे म्हणून. दिवसभर वाट बघितली. ती म्हणली न्हाई.

बेस्तरवारी अकराच्या यष्टीनं शिवगंगाताई आल्या. पंचा मागावरून उतरला व्हता, दोन्ही टोकाला गाठी मारून झाल्या व्हत्या. ताईनं चष्मा लावला. मधली लाल रेघ चिमटीत धरली, पंचा झटकला आन घडी घातली.  काठाला काठ. ताईनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. कुठं जरा एवढं पुढं-मागं न्हाई.

"वा गं सिंधू!" ताई म्हणल्या. "हे बघितल्यावर कोण काय बोलतंय." आन पंचा पिशवीत घालाय लागल्या.

सिंधूनं पंच्याचं टोक धरलं. "ताई, हा न्हाई."

"हा न्हाई म्हंजी?"

सिंधूनं सांगितलं. अडखळत, पुढचं मागं, मागचं पुढं करत. लाभ, तूर, पांढरी, कबूल केल्यालं. ताईचं तोंड आधी हसरं व्हतं, मंग हळूहळू उतरलं. "अगं शनिवारी बैठक हाय. माझ्या हातात कापड नसलं तर नुसत्या माझ्या बोलण्यावर कोण माग ठिवणार? मी तुझ्या बाजूनंच हाय, पण रिकाम्या पिशवीनं काय भांडू?"

सिंधूच्या डोळ्यापुढं ट्रक उभा राहिला, त्याच्यावर बांधलेली तिचीच भांडी. दारात सुकन्या आजीचं बोट धरून उभी. पंच्याचं टोक सोडलं की काम झालं, पंचा पिशवीत. पण त्याच अंगणात चौदाजणींनी उद्या पुन्हा धागा घेऊन चालायचं व्हतं, एकमेकीच्या मोजण्यावर भरवसा ठिवून. आन जिनं आपल्या कमरंची डबी सोडून दिली तिच्यासमोर बोललेलं मोडायचं?

तिनं टोक सोडलं न्हाई.

तवा गुणाबाई बोलली. "ताई, दोष माझा हाय. तिथं सांगा, एका म्हातारीनं धागे मोजले म्हणून. पण पोरीचे हात बघून जावा." आन तिनं सिंधूचे दोन्ही हात धरून ताईपुढं उलटे केले. बोटाची पेरं सुजलेली, धाग्यानं कापलेली.

 ताईनं पिशवी घडी करून काखेत मारली. जाताना एवढंच म्हणल्या, "दुसरा झाला की कळीव. मी बैठकीत बघते. वचन देत न्हाई." आन दोनच्या यष्टीनं गेल्या, अहमदपुरावरून मुरुडला.

सांजंच्या आधी सगळ्याजणी पांढरीला गेल्या. पंचा दगडावर घातला. गुणाबाईनं "लाभ" म्हणलं. सिंधूनं हात जोडले.

मंग दुसरा पंचा. रविवारी सकाळी उतरला. सिंधूनं फोटू काढून ताईच्या फोनवर पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, म्हंजी बघितला. जवाब न्हाई. फोन लावला तर घंटी वाजती, कोणी उचलत न्हाई. बैठकीत काय झालं, कोणाला ठाऊक न्हाई. काल भुजंगनं कोयत्याला पाणी पाजून आणलं, दाराआड उभा करून ठिवला. मुकादम पुढल्या सोमवारी येतोय म्हणे. सिंधू तिसरा ताणा काढाय लागलीय, आन चालता चालता दर फेऱ्याला फोनकडं बघतीय. मोजणं चुकतंय तिचं, पुन्हा पहिल्यापासून करतीय.

म्हणून हे लिहून घेतलं. जो कोणी वाचंल, त्याचं मुरुडकडं, न्हाई तर लातुरात कवा जाणं झालं, तर शिवगंगाताईंचं घर विचारा आन आमचा एवढा निरोप द्या. म्हणावं, दुसरा पंचा घडी घालून ठिवलाय, फोटूत काठ दिसत न्हाईत, येऊन हातानं बघा. माग न्हेणार असाल तर न्हेतो म्हणा, ठिवणार असाल तर ठिवतो म्हणा, पण सोमवारच्या आत सांगा. सिंधूनं अजून बोचकं बांधलं न्हाई.